क्षयाचा कालनिर्णय : कोल्हापूर जिल्हा आणि मुंबईच्या गिरण्या

साथींचा इतिहास लिहिताना आपण मृत्यूच्या नोंदींवर विसंबतो. प्लेगच्या बाबतीत ते चालते. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढे शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत कोल्हापूर संस्थानातही शिरला. तेथे संसर्ग व मृत्यू यांत बहुधा थोड्याच दिवसांचे अंतर असे. क्षयाच्या बाबतीत मात्र हीच पद्धत अभ्यासकास चकविते.

रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये दाखविलेला क्षयजंतू फुप्फुसात शिरला म्हणजे मनुष्य आजारी पडतोच असे नाही. शरीरातील पेशी त्यास वेढून गाठी निर्माण करतात, आणि त्यांत तो वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतो. शंभर संसर्गितांपैकी सुमारे पाच ते दहा जणांसच पुढे रोग होतो. त्यांतील पुष्कळांस पहिल्या दोन वर्षांत, इतरांस वार्धक्य, कुपोषण वा मधुमेह यांनी शरीर खचल्यावर. डेन्मार्कमधील एका पितापुत्राचे जंतू जनुकीय तपासणीत जुळले, तेव्हा दोघांच्या आजारांत ३३ वर्षांचे अंतर आढळले.

आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या तालुक्यांतून पिढ्यानपिढ्या माणसे गिरण्यांत गेली. गिरणगावातील एकेका खोलीत कितीतरी जण पाळीपाळीने निजत. क्षयास याहून सोयीचे घर कोणते? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार होते, व त्यांतील अनेकांस कायमचे गावी परतावे लागले. अशा एखाद्यास १९९५ मध्ये क्षय झाला, तर नोंद गावाच्या नावे पडते. संसर्ग कदाचित १९६० च्या सुमाराचा, लालबागेतील असेल. उलटपक्षी, ‘रोग मुंबईहून आणला’ हा घराघरांतून दिला जाणारा ठपकाही सिद्ध होत नाही. तो बालपणी गावीच जडला असेल, किंवा परतल्यावर नव्याने. आपल्याकडे पुनःसंसर्ग विरळा नाही, ही गोष्ट डेन्मार्कच्या दाखल्याने भारावलेल्यांनी विसरू नये.

यावर तोड नॉर्वेच्या आंडवोर्ड याने १९३० मध्ये व अमेरिकेच्या फ्रॉस्ट याच्या १९३९ मधील लेखाने सुचविली होती : मृत्यू घडलेल्या वर्षाऐवजी जन्मवर्षानुसार नोंदी मांडाव्यात. तसे करताच फ्रॉस्टला दिसले की, वृद्धांमधील क्षय हा त्यांच्या तारुण्यातील अधिक प्रखर प्रादुर्भावाचा अवशेष होता. आपल्या जिल्ह्यासाठी जन्मवर्षाच्या जोडीस आणखी एक रकाना आखावा लागेल : मुंबईतील वास्तव्याची वर्षे. रुग्णालयांच्या वहीत तो मिळण्याची आशा थोडी. वयस्क गिरणी कामगारांस मात्र आपण कोणत्या साली कोणत्या खोलीत होतो, हे अचूक आठवते.