पुरुषांची हाडे

हाडे ठिसूळ होणे हा बायकांचा आजार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ही समजूत आली कुठून, याविषयी अलीकडे बरेच वाचले. ते थोडक्यात लिहितो.

१९४१ साली बॉस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट आणि त्यांचे सहकारी यांनी पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या हाडांना येणाऱ्या विरळपणाचे वर्णन केले. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडते म्हणून असे होते, हे त्यांचे म्हणणे. मग पुरुषांना टेस्टोस्टेरॉन द्यावे, हे ओघानेच आले. ते १९३५ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले होते. १९४७ साली अल्ब्राइट आणि रायफेनस्टाइन यांनी दोन्ही संप्रेरके रुग्णांना देऊन पाहिली. पोटात कॅल्शियम गेले किती आणि मलमूत्रावाटे बाहेर पडले किती, याचा वाण्याच्या वहीसारखा हिशेब ठेवला. संप्रेरकांमुळे शिल्लक वाढत होती.

खरी गंमत पुढे आहे. १९९४ साली अमेरिकेत २८ वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर, तरी वाढ थांबलेली नाही, आणि हाडे मात्र विरळ. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनच ओळखता येत नव्हते! १९९७ साली इटलीतल्या डॉक्टरांनी आणखी एका पुरुषाविषयी लिहिले. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनत नव्हते. टेस्टोस्टेरॉन देऊन हाडांना फायदा झाला नाही, इस्ट्रोजेन दिल्यावर ती भरू लागली. 'बायकांचे' आणि 'पुरुषांचे' ही नावे आपण दिलेली. हाडांना ती ठाऊक नाहीत.

मग टेस्टोस्टेरॉन घ्यावे का? २०१७ साली असे दिसले, की ते कमी असलेल्या वयस्क पुरुषांना वर्षभर दिल्यास हाडांची घनता वाढते. पण २०२४ साली ५२०४ पुरुषांवरचा अभ्यास आला. औषध घेणाऱ्यांत हाड मोडण्याचे प्रमाण ३.५ टक्के, न घेणाऱ्यांत सुमारे २.५. म्हणजे उलटेच! याउलट अ‍ॅलेंड्रोनेट हे संप्रेरक नसलेले औषध पुरुषांनाही उपयोगी पडते, हे २००० सालीच दिसले होते. त्या अभ्यासात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सर्वांनाच दिले होते. ते पायाला हवेच, पण एकदा हाडे विरळ झाली की तेवढ्याने भागत नाही.

आमच्या दादांचे शेवटचे वर्ष घरच्यांना आठवत असेल. आधी मनगट मोडले. प्लास्टर झाले, पण हाडे तपासा असे कोणी म्हटले नाही. वहिनींची तपासणी मात्र झाली होती, गोळ्याही चालू होत्या. दोन वर्षांनी दादा न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला आणि वर्षाच्या आत ते गेले. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त असते, हे मला नंतर कळले.

म्हणून मंडळी, घरातल्या वयस्क पुरुषाचे साध्या पडण्याने हाड मोडले, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. हाडांच्या घनतेची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. पुढल्या महिन्यात मीही करून घेणार आहे.