पणजोबांचे नाव कोणत्या कागदात?



वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपण बाबासाहेबांचा इतिहास दरवर्षी सांगतो. पण घरचा इतिहास विचारला तर आजोबांपर्यंत जाऊन आपण अडखळतो. आमचेही तसेच झाले. नातीच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. आपल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या कागदाला मोल असते. तेव्हा कळले, की पणजोबांचे नाव घरात कुणालाच धड ठाऊक नाही.

मुले मोबाईल घेऊन बसली. म्हणाली, इंग्लंडात १९२१ च्या जनगणनेचे घरोघरचे कागद शंभर वर्षांनी, २०२२ साली इंटरनेटवर खुले झाले, आपलेही सापडतील. दोन रात्री शोधले. १९३१ च्या जनगणनेचे मुंबई इलाख्याचे अहवाल सापडले. त्यात जातवार आकडे आहेत, पण घरातल्या माणसांची नावे नाहीत. आपल्याकडे आकडे छापतात. घरोघरी भरलेले कागद पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलमच तसे आहे.

म्हणून आकडे फुकाचे, असे मात्र नव्हे. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते अवघे २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या जनगणनेत हाच आकडा २७,८९,५०१ झाला! त्या आकड्यात आमची आजी-आजोबा आहेत. फक्त नावाने नाहीत.

शेवटी वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने वाट दाखवली. म्हणाले, "मोबाईलात काय बघता? मुरबाडला जा, तहसिलीत कोतवाल बुक मागा." कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. अर्ज केला, नक्कल मिळाली. अक्षर मोडी, म्हणून जाणकाराकडून वाचून घेतले. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत बापाचे नाव होते. हेच आमचे पणजोबा!

आनंद झाला आणि पोटात कालवलेही. नाव तोडून, अरे-तुरेने हाक मारावी तसे लिहिलेले. पुढे 'बिन' घालून त्यांच्या बापाचे नाव, आणि मग जात. आम्ही इतके दिवस आडनाव शोधत होतो. कागदात आडनावच नव्हते. माणूस हरवला नव्हता, आम्ही त्याला आजच्या नावाने हाका मारत होतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच. कोतवाल बुक पाहा, आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहा, महार वतनाच्या जमिनीचे जुने फेरफार पाहा. वतने १९५८ च्या कायद्याने गेली, कागद राहिले आहेत. आणि हे सारे करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. माहेरची गावे, टोपणनावे, भावकी, सगळे वहीत उतरवा. विहारात अशी एक वंशावळीची वही ठेवू या. पणजोबांचे नाव दुसऱ्याने लिहिले, ते तसे लिहिले. आपल्या माणसांची नावे आता आपणच लिहू, पूर्ण आणि मानाने.

जयभीम! नमो बुद्धाय!