ओवाळणी आणि वाटा

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीतली लहान क्वार्टर्स काय किंवा परळ-लालबागच्या चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्या काय, भावंडांना एकमेकांपासून लांब जायला जागाच नव्हती. जवळ राहिल्याने माया आपोआप वाढते, हे मला पटत नाही. दाटीत भांडणेही तितकीच वाढतात. मायेला वळण लावावे लागते, आणि ते काम भाऊबीजेसारख्या चालीने केले. वर्षभराचे रुसवे त्या दिवशी पाटावर, निरांजनासमोर मिटवावेच लागत. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने तर भाऊबीज निधी उभारून अनोळखी मुलींच्या शिक्षणाचा भार भावाच्या नात्याने समाजाकडे सोपवला.

यावरचा आक्षेप रास्त आहे: ओवाळायचे बहिणीने, धाकट्यांना कडेवर वागवायचे बहिणीने, आणि वडिलोपार्जित मिळकत मात्र भावाची. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला, देशभर २००५ साली. आजही हक्कसोडपत्रावर मुकाट सही करणाऱ्या बहिणी कमी नाहीत. पण त्यामुळे चाल टाकाऊ ठरत नाही, अपुरी ठरते. म्हणून मुलाला ओवाळणी घालायला शिकवताना ताटे उचलायला आणि धाकटीला सांभाळायलाही शिकवा, आणि तिचा वाटा तिचाच आहे, हे त्याला लहानपणीच सांगा.