निजामाची सही नसलेले सैनिक

वाशिमहून हिंगोलीकडे निघालात की पैनगंगा ओलांडून कनेरगाव नाका येतो. आज ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे. १९४८ पर्यंत इथे दोन राज्यं भिडत होती. हिंगोलीच्या बाजूला निजामाचं हैदराबाद संस्थान, वाशिमच्या बाजूला वऱ्हाड. गंमत म्हणजे कागदावर वऱ्हाडही निजामाचंच होतं. १८५३ मध्ये इंग्रजांनी ते कारभारासाठी घेतलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने स्वतःकडे ठेवलं, आणि तरीही १९३६ च्या करारानंतर निजामाचा थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणून मिरवत राहिला. म्हणजे कागद एक सांगत होता आणि नदीकाठचा माणूस दुसरंच जगत होता. या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वाट्याला नंतरची कित्येक वर्षं हेच आलं.

७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसने हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हावं म्हणून लढा पुकारला. स्वामी रामानंद तीर्थ पकडले गेले, कार्यकर्त्यांनी तुरुंग भरले. जे हाती लागले नाहीत ते हद्द ओलांडून भारतीय प्रदेशात गेले. बार्शी, सोलापूर, उमरखेड, चांदा अशा ठिकाणी सरहद्दीला लागून कँप उभे राहिले. तिथली पोरं रात्री निजामी हद्दीत शिरायची, टेलिफोनच्या तारा तोडायची, पोलिस ठाण्यांवर आणि करोडगिरी नाक्यांवर चालून जायची. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. सरहद्दीच्या गावात सरकार डोळ्यांना दिसायचं ते या नाक्याच्या रूपात, म्हणून रागही आधी त्याच्यावर निघायचा. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड भागातल्या उमरीची बँक लुटली गेली, तीही याच लढ्यासाठी.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दिल्लीने या कारवाईला नाव दिलं ‘पोलिस ॲक्शन’. रणगाडे होते, तोफखाना होता, विमानं होती, तरी हे युद्ध नव्हतं. युद्ध म्हटलं असतं तर हैदराबाद हा परका देश ठरला असता. त्यामुळे शब्दाची निवड राजकीयदृष्ट्या शहाणपणाचीच होती, पण तिची किंमत सैनिकांच्या नोंदींनी चुकवली.

पहिल्याच दिवशी, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गजवळ, २ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग गोळीबारात पुढे गेले. मांडीत गोळी लागली, तरी सरपटत जाऊन त्यांनी लाइट मशीनगनच्या मोर्चावर हातबॉम्ब टाकले आणि तिथेच प्राण सोडला. त्याच दिवशी तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावर ५/५ गोरखा रायफल्सचे नाईक नरबहादूर थापा उघड्या मैदानातून धावले आणि खुकरीने शत्रूची मशीनगन बंद पाडली. दोघांनाही अशोक चक्र मिळालं. त्याच वर्षी काश्मीरमध्ये सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणाऱ्या रामा राघोबा राणे यांना मात्र परमवीर चक्र. फरक शौर्याच्या तोलामोलाचा नाही. परमवीर, महावीर, वीर ही चक्रं शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी आहेत, तर अशोक चक्र शत्रूसमोर नसलेल्या पराक्रमासाठी. सरकारी भाषेत नळदुर्गला मशीनगन होती, शत्रू नव्हता!

साध्या जवानाचं याहून अवघड. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर जम्मू-काश्मीरची पट्टी आहे, पुढे गोवा १९६१ चीही आहे. हैदराबादची नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण घरात आजोबांची ट्रंक असलेल्या अनेकांचा तिथे गोंधळ होतो. सैनिकाची नोंद चुकली तर ती दुरुस्त करायची वाट ठरलेली आहे. त्याला क्रमांक असतो. बदली, बढती, पदक, सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये चढतं, आणि निवृत्तीला हातात डिस्चार्ज बुक मिळतं. मिळालेलं पदक त्यात दिसत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पलटण त्या काळात तिथे होती आणि हा माणूस पलटणीत होता, एवढं जुळलं की काम होतं. तिथे दाद लागली नाही तर २००७ च्या कायद्याने आलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. पण हे सगळं कारकुनाच्या हातून सुटलेल्या नोंदीसाठी. ज्या पदकाला रकानाच नाही ते कुठलं रेकॉर्ड ऑफिस शोधून देणार?

सरहद्द कँपच्या पोरांना तर क्रमांकच नव्हता.

१९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविशीला, ताम्रपट वाटले गेले आणि केंद्राची पेन्शन योजना आली. १९८० मध्ये तिचं नाव स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजना झालं. अट होती सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. भूमिगत असाल तर सहा महिन्यांहून जास्त काळ भूमिगत, आणि त्याला पुरावा म्हणून तुम्हाला फरारी घोषित केलेलं असावं, किंवा पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलेलं असावं, किंवा तुमच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसावा. पुन्हा वाचा. तुम्ही निजामाविरुद्ध लढलात हे निजामाने लिहून ठेवलेलं हवं. ज्याचं नाव पोलिसांना कधीच कळलं नाही, म्हणजे जो भूमिगत म्हणून सगळ्यात यशस्वी होता, तो अर्जात सगळ्यात कच्चा ठरला.

बायकांचं काय झालं असेल ते यावरून ताडता येतं. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून लढल्या म्हणून त्यांचं नाव राहिलं. पण कुणी भाकरी पोचवल्या, कुणी निरोप नेले, कुणी माळ्यावर माणूस लपवला. त्यांच्यावर वॉरंट कोण काढणार?

आणि कागद असला तरी तो सापडायला हवा. हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूत चालायचा. १९५६ मध्ये राज्यं नव्याने मांडली गेली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण संस्थानचं मुख्य दफ्तर हैदराबादलाच राहिलं. मराठी नाव उर्दूत लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा गळतात, ‘ण’ आणि ‘ळ’ यांना अक्षरं नाहीत. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रम मुन्शीच्या मर्जीवर. चाळीस वर्षांनी परभणी जिल्ह्यातला (हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला) एखादा म्हातारा अर्ज करतो, तेव्हा तोच हा माणूस हे कोण सांगणार?

म्हणून नियमात एक पळवाट नव्हे, पायवाट ठेवली गेली. सरकारी दफ्तरात नोंद उपलब्ध नाही असा दाखला आणायचा, आणि त्याच भागात काम केलेल्या, स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या मान्यवर स्वातंत्र्यसैनिकाने माहितीचं प्रमाणपत्र द्यायचं. तुरुंगवासासाठी सहबंदीचा दाखला. १९८० च्या दशकात केंद्राने १९३८-३९ चा हैदराबादमधला आर्य समाजाचा सत्याग्रह या योजनेत धरला, सरहद्द कँपही मान्य होत गेले, आणि छाननीसाठी वेगळी समिती बसली. उशिरा का होईना, रकाना तयार झाला.

त्या रकान्यात शिरण्यासाठी लोकांना न्यायालयात जावं लागलं. आर्य समाजाच्या त्याच सत्याग्रहातल्या अर्जदारांच्या खटल्यात, मुकुंदलाल भंडारी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं की अर्ज उशिरा आला म्हणून नाकारता येणार नाही. २००१ मध्ये गुरदयाल सिंग प्रकरणात आणखी पुढची गोष्ट आली. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे मागायचा नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं. माझ्या मते मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी याहून मोलाचा निकाल दुसरा नाही.

मात्र पारडं झुकवणारे हातही असतात. बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाला एकेक फाइल तपासावी लागली. ओळखीवर दाखला मिळतो म्हटल्यावर दाखल्यांचाही बाजार भरणार, यात नवल नाही. पण त्याचा भुर्दंड खऱ्याला पडला. आधी त्याच्याकडे कागद नव्हता म्हणून तो अडला, नंतर असलेल्या कागदावरही संशय आला.

याच लढ्याची आणखी एक नोंद कपाटात राहिली. पोलिस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, आणि तो अहवाल सरकारने कित्येक दशकं छापलाच नाही. त्यातल्या मृतांना ना अर्ज होता ना छाननी समिती.

वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचं नाव वसमतच्या महाविद्यालयाच्या पाटीवर आहे. ते रोज शेकडो पोरांच्या तोंडी असतं. ज्यांच्या नावाची पाटी नाही त्यांच्यासाठी अजून काही जागा शोधण्यासारख्या आहेत. हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नाकारलेल्या अर्जांच्या फाइली, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अर्जाला जोडलेलं सहबंदीचं प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदात कधी कधी अर्जदाराबरोबर कँपमध्ये असलेल्या इतरांचीही नावं असतात. ज्यांनी स्वतः कधी अर्ज केलाच नाही, त्यांचीही.