एकाच जागेची दोन तिकिटे

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून कुवेतला निघालो होतो. पहाटेचे विमान. निम्म्याहून अधिक प्रवासी सुट्टी संपवून कामावर परतणारे. कोणी रत्नागिरीचा, कोणी लातूरचा, बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारचे. बहुतेकांची रात्र विमानतळावर बसून गेलेली. विमान वर जाऊन स्थिरावले, पट्ट्यांचा दिवा विझला आणि पुढच्या रांगेतल्या तरुणाने बटण दाबून पाठ मागे टाकली. माझ्या शेजारच्या साठीतल्या गृहस्थांच्या गुडघ्यावर ती जाऊन आदळली.

“अरे भाई, जरा देख के!”

“चाचा, बटन दिया है तो दबाऊंगा ना.”

आवाज चढले. हवाई सुंदरी आली, तिने दोघांनाही ‘सर’ म्हटले, दोघांनाही थोडे समजून घ्या म्हणाली आणि निघून गेली. बरोबर कोण, हे तिने सांगितले नाही. सांगणार तरी काय? उड्डाण करताना आणि उतरताना सीट सरळ हवी, हा नियम सुरक्षेचा. आपत्तीत माणसांना रांगेतून पटकन बाहेर पडता यावे म्हणून तो आहे. जेवण येते तेव्हा पाठ सरळ करावी, हा शिरस्ता. मधल्या तीन-चार तासांचे काय, यावर कोणाकडेच लेखी उत्तर नाही.

आपल्या रेल्वेत हे भांडण आहेच, पण तिथे उत्तरही आहे. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात उघडायचा, बाकी वेळ खालच्या बर्थवर तिघांनी बसायचे. पूर्वी ही वेळ ९ पासून होती, २०१७ मध्ये ती १० केली. रेल्वेने अगदी साधी गोष्ट केली आहे. एकच जागा दोघांना लागते हे आधी कबूल केले आणि मग घड्याळ लावून ती वाटून दिली. तरी भांडणे होतात, ती गोष्ट वेगळी. पण टीसीला बोलावले तर तो काहीतरी सांगू शकतो.

विमानात असे घड्याळ का लागले नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९२० च्या दशकात लंडन-पॅरिस मार्गावर उडणाऱ्या विमानांत वेताच्या खुर्च्या असत. वेत हलका म्हणून. पाठ मागे जायचा प्रश्नच नव्हता, मुळात माणूस आत बसला हेच अप्रूप. पुढे अंतरे वाढली, पण वेग त्या मानाने वाढला नाही. अमेरिकेत डग्लस कंपनीने १९३५ च्या डिसेंबरात जे विमान पहिल्यांदा उडवले आणि जे पुढे डीसी-३ म्हणून जगभर गाजले, ते आधी झोपण्यासाठीच आखले होते. रात्रीच्या प्रवासाला १४ बर्थ, दिवसाच्या प्रवासाला २१ खुर्च्या. अमेरिकेचा एक किनारा सोडून दुसरा गाठायला त्यात रात्र काढावी लागे. प्रवाशाला आडवे होऊ देणे हा त्या काळी व्यवसायाचाच भाग होता.

८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ निघाले आणि कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला लंडनला पोहोचले. ३५ प्रवासी होते, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटाही. एवढा वेळ खुर्चीत ताठ बसवून कोणाला नेता येत नाही. पॅन अमेरिकन कंपनीने आपल्या मोठ्या बोइंग स्ट्रॅटोक्रूझर विमानांत ‘स्लीपरेट’ नावाची खुर्ची ठेवली होती. ती जवळपास आडवी होई आणि पायाखाली आधार येई. मागच्या माणसाची तक्रार नसे, कारण तो चांगला लांब बसलेला असे. पाठ मागे नेण्याचे बटण जन्माला आले ते या ऐसपैस जगात, आणि त्याला लागणारी जागा त्याच्याच तिकिटात धरलेली होती. ती तिकिटे कोणाला परवडत होती हे सांगायला नको. आमच्या गावचे लोक तेव्हा बोटीने जात.

मग स्वस्त वर्ग आला. १ मे १९५२ पासून अटलांटिकवर ‘टुरिस्ट’ दर सुरू झाले. न्यूयॉर्क-लंडन जाऊन-येऊन ४८६ डॉलर. खुर्च्या जवळ आल्या, एका रांगेत पाच माणसे बसू लागली. १९५८ मध्ये त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ आली आणि तिच्यासोबत विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेचे नियम आले. भाडे सगळ्यांचे सारखे. खुर्च्यांमधले अंतर ३४ इंच. जेवणाला साधे, थंड सँडविच. हे नियम किती गंभीरपणे घेतले जात याचा एक मासलेवाईक किस्सा आहे. युरोपातल्या काही कंपन्या ‘सँडविच’ या नावाखाली पावाच्या एका तुकड्यावर मांस, चीज, भाज्यांचा डोंगर रचून देऊ लागल्या. पॅन अमेरिकनने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, हे तर ताट आहे. लंडनमध्ये बैठक भरली आणि सँडविच कशाला म्हणावे यावर जाणत्या लोकांनी खल केला. आज हसू येते. पण खुर्चीचे अंतरही त्याच नियमात होते, हे विसरू नये. पावाच्या तुकड्यावर भांडणाऱ्यांनी प्रवाशाच्या गुडघ्यालाही इंचांत मोजून ठेवले होते.

हे अंतर म्हणजे काय, तेही सांगतो. एका खुर्चीच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंतचे माप. विमानवाले त्याला ‘पिच’ म्हणतात. ही सगळीच पायांची जागा नव्हे. त्यातून पाठीची जाडी वजा करायची, बसायची जागा वजा करायची, आणि उरते ते गुडघ्याच्या वाट्याचे.

अमेरिकेत देशांतर्गत भाडी १९३८ पासून सरकारी मंडळ ठरवत असे. किंमत कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नाही म्हटल्यावर कंपन्या सोयी देऊन ओढत. १९७० च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या जम्बो विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीची जागा केली आणि तिथे चक्क पियानो ठेवला. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भाडेनियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. पियानो गेला, भाडी उतरली, विमाने भरली. रांगेमागे एक-एक इंच काढला की शेवटी एक जादा रांग बसते, आणि त्या रांगेत सहा तिकिटे विकता येतात. ३४-३५ इंचांचे अंतर हळूहळू ३०-३१ वर आले, काही कंपन्यांत २८ वर. यात कंपन्यांची बाजू अशी की नव्या खुर्च्यांच्या पाठी पातळ आहेत, त्यामुळे सगळीच घट गुडघ्याला भोगावी लागत नाही. हे काही अंशी खरेही आहे. पण पाठ मागे गेली की पातळ पाठसुद्धा तेवढीच पुढ्यात येते.

मला यातली कळीची गोष्ट ही वाटते की अंतर कमी होत गेले, पण बटण तसेच राहिले. बटण दाबल्यावर पाठ ज्या जागेत जाते, ती जागा पुढच्या प्रवाशाला ‘मागे झुकणारी खुर्ची’ म्हणून विकलेली असते आणि मागच्याला ‘पाय ठेवायची जागा’ म्हणून. दोघांकडे तिकीट आहे, दोघेही खरे बोलत आहेत.

सगळा दोष कंपन्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. २००० साली अमेरिकन एअरलाइन्सने उलटा प्रयोग केला. साध्या वर्गातून सात हजारांहून जास्त खुर्च्या काढून टाकल्या आणि सगळ्यांच्या पायांना जागा दिली. जाहिराती केल्या. प्रवाशांनी कौतुक केले आणि तिकीट मात्र जिथे चार पैसे कमी तिथे काढले. काही वर्षांतच खुर्च्या परत बसल्या. मी स्वतः तिकीट काढताना खुर्चीचे अंतर कधी पाहिलेले नाही. किंमत पाहतो, आणि सामान किती किलो नेता येईल ते पाहतो. आखातात जाणाऱ्या माणसाला इंचांपेक्षा किलो महत्त्वाचे.

मग भांडण प्रवाशांवर सोडले गेले आणि त्यांनी आपापली हत्यारे काढली. २००३ मध्ये आयरा गोल्डमन या उंचापुऱ्या अमेरिकन गृहस्थांनी ‘नी डिफेंडर’ बाजारात आणले. प्लास्टिकच्या दोन खुंट्या. आपल्या पुढ्यातल्या ट्रेच्या दांड्यांना लावल्या की पुढच्याची पाठ मागे येतच नाही. त्यासोबत एक शिष्टाचाराचे कार्डही मिळे, पुढच्या प्रवाशाला द्यायला, की माफ करा, मी तुमची खुर्ची अडवली आहे. एकीकडे कुलूप, दुसरीकडे अदब! २४ ऑगस्ट २०१४ रोजी नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या युनायटेडच्या विमानात एकाने हे यंत्र लावले. कंपनीची त्याला बंदी होती, तरी सांगूनही काढेना. पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकले. वैमानिकाने विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली घातले. गंमत अशी की हे दोघेही जास्तीचे पैसे भरून घ्यायच्या, अधिक अंतराच्या रांगांत बसले होते.

त्या प्रसंगानंतर अमेरिकेत वर्तमानपत्री वाद झडला. काहींनी रोनाल्ड कोस या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाचा आधार घेतला: हक्क कोणाचा ते एकदा ठरले की बाकीचे दोघे आपसांत देवघेव करून मिटवतील. बटण पुढच्याचे, मागच्याला एवढा त्रास असेल तर त्याने पैसे देऊन ती झोप विकत घ्यावी. बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी लोकांना विचारूनच पाहिले. झुकण्याचा हक्क आपला आहे असे धरले तर तो सोडायला लोक सरासरी ४१ डॉलर मागत होते आणि मागचे १८ द्यायला तयार होते. मग त्यांनी हक्क उलटा केला: जागा मागच्याची, पुढच्याने विकत घ्यावी. आता पुढचे १२ डॉलरच देऊ म्हणाले आणि मागचे ३९ मागू लागले. म्हणजे सौदा दोन्हीकडून जमत नाही. जे हातात आहे ते महाग, जे मागायचे ते स्वस्त. पण त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता. मागच्याने पैशांऐवजी काही प्यायला किंवा खायला देऊ केले तर? तेव्हा ७८ टक्के लोक खुर्ची सरळ ठेवायला राजी झाले. ४१ डॉलर मागणारा माणूस एका पेल्यावर मानतो. बाजाराचा हिशेब मांडायला निघालेल्यांना पाहुणचार सापडला.

२०२० च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सहून शार्लटला जाणाऱ्या विमानातले एक चित्रण जगभर फिरले. शेवटच्या रांगेतला माणूस, ज्याची स्वतःची खुर्ची मागे जाऊच शकत नव्हती, पुढच्या बाईच्या खुर्चीवर ठोसे मारत होता. डेल्टा कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांना मत विचारले गेले. ते म्हणाले, मागच्याला आधी विचारावे आणि मगच झुकावे. सल्ला चांगला आहे, मलाही तोच द्यावासा वाटतो. पण सल्ला देणारा कोण हे पाहिले की जरा कडू लागतो. खुर्ची बसवणारा, अंतर ठरवणारा, दोघांचेही पैसे घेणारा तोच. आणि तहजीब मात्र तिकीटवाल्यांनी पाळायची.

कायद्याने अंतर ठरवायचा प्रयत्न झाला. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने खुर्च्यांचे किमान माप ठरवा असे विमान प्रशासनाला सांगितले. प्रशासनाने त्याकडे फक्त सुरक्षेच्या नजरेने पाहिले: विमान ९० सेकंदांत रिकामे होते की नाही. त्यासाठी जे स्वयंसेवक घेऊन चाचण्या केल्या, ते १८ ते ६० वयाचे, धडधाकट. माझ्या शेजारचे चाचा त्यात बसले नसते. २०२२ मध्ये लोकांची मते मागवली तर २६ हजारांच्या आसपास आली. प्रवाशांची एक संघटना न्यायालयात गेली, पण २०२३ मध्ये न्यायालयानेही प्रशासनाला माप ठरवायची सक्ती केली नाही.

दरम्यान कंपन्यांनी आपला तोडगा काढला होता. रायनएअरने २००४ पासूनच न झुकणाऱ्या खुर्च्या घ्यायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजने २०१८ मध्ये जवळच्या मार्गांवरच्या नव्या विमानांतून बटण काढले. डेल्टाने २०१९ मध्ये आपल्या काही विमानांत पाठ चार इंचांऐवजी दोनच इंच मागे जाईल असे केले. कंपन्या म्हणतात, यात प्रवाशांचाच आराम आहे. शिवाय खुर्ची हलकी होते, मोडत नाही, दुरुस्तीचा खर्च वाचतो, हे त्या जरा हळू सांगतात. भांडण मिटले हे मात्र खरे. ज्या इंचांवरून ते चालले होते, ते दोघांनाही मिळाले नाहीत.

कुवेतच्या त्या विमानात पुढे फारसे काही झाले नाही. चाचांनी गुडघे तिरके केले. तरुण अर्धा तास झोपला असेल. खाणे आले तेव्हा स्वतःहून सरळ झाला. मागे वळून म्हणाला, “चाचा, पैर लंबा करना है तो बोलना.” त्याला पोहोचल्या पोहोचल्या ड्यूटीवर जायचे होते, हे दोघे सामानाच्या पट्ट्याजवळ बोलत उभे होते तेव्हा कानावर आले.

परतीला तिकीट दुसऱ्या कंपनीचे होते, आणखी दोन हजारांनी स्वस्त. विमान नवे कोरे. पट्ट्यांचा दिवा विझला तसा शेजारचा माणूस हाताखाली बटण चाचपू लागला. एक बाजू पाहिली, मग दुसरी. शेवटी माझ्याकडे वळून विचारले, “इसका किधर है?”