बालअतिदक्षतेतील मोठ्या चाचण्या आणि पूर्वचाचणीचा प्रश्न : 'फीस्ट' चाचणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :
१८३२ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथे डॉ. थॉमस लाट्टा यांनी पटकीच्या रुग्णांच्या शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. पुढे शॉकमधील रुग्णास द्रव देणे हा उपचार वैद्यकात रूढ झाला. लहान मुलांना तो किती व किती वेगाने द्यावा, याचा पुरावा मात्र फार उशिरा आणि तोकड्या संख्येवर उभा राहिला. १९९१ मध्ये जोसेफ कार्सिलो व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अवघ्या ३४ बालरुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पहिल्या तासात दर किलो वजनामागे ४० मिलिलिटरहून अधिक द्रव मिळालेली मुले अधिक प्रमाणात वाचल्याचे त्यांत दिसले. ही तुलनात्मक चाचणी नव्हती. तरीही संपन्न देशांतील मार्गदर्शक तत्त्वांना तिचा आधार मिळाला.

किलिफी येथील पूर्वाभ्यास :
केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथे कॅथरिन मेटलंड व सहकाऱ्यांनी तीव्र हिवतापाच्या बालरुग्णांवर लहान चाचण्या केल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्बुमिन मिळालेल्या ५६ मुलांपैकी २, तर सलाइन मिळालेल्या ६१ पैकी ११ मुले दगावली. उपचार देता येतो आणि तो घातक दिसत नाही, एवढे यातून कळले. अल्बुमिन अधिक चांगले असावे, असेही वाटू लागले.

'फीस्ट' चाचणी :
जानेवारी २००९ मध्ये केनिया, युगांडा व टांझानियातील सहा रुग्णालयांत 'फीस्ट' चाचणी सुरू झाली. तेथे कृत्रिम श्वसनयंत्राची सोय नव्हती. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या मुलांचे तीन गट पाडण्यात आले : जलद अल्बुमिन, जलद सलाइन आणि जलद द्रव न देता केवळ नेहमीचा संथ द्रव. रक्तदाब अतिशय खालावलेल्या मुलांना तिसऱ्या गटात टाकणे धोक्याचे मानले गेले. अशा २९ मुलांचा वेगळा विभाग करून सर्वांनाच जलद द्रव देण्यात आला. कुपोषण व अतिसाराचे रुग्ण वगळले होते. मूल अत्यवस्थ असताना पालकांची तोंडी संमती घेऊन लेखी संमती नंतर घेण्याची सोय होती. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही दिले गेले. तयारीत उणीव राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

जानेवारी २०११ मध्ये स्वतंत्र देखरेख समितीच्या शिफारशीवरून ३६०० मुलांचे उद्दिष्ट पूर्ण होण्याआधीच प्रवेश थांबवण्यात आला. ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण अल्बुमिन गटात १०.६ टक्के, सलाइन गटात १०.५ टक्के आणि जलद द्रव न मिळालेल्या गटात ७.३ टक्के होते. एकूण ३१४१ मुलांची ही आकडेवारी होय. जो उपचार जीव वाचवतो असे मानले जात होते, त्याने दर शंभरामागे सुमारे तीन मृत्यू वाढले होते.

येथे किलिफीच्या चाचणीकडे पुन्हा पाहणे आवश्यक ठरते. ५६ मुलांच्या गटात सव्वातीन टक्क्यांचा फरक म्हणजे जेमतेम दोन मृत्यू; एवढा फरक योगायोगातही लपून जातो. लहान चाचणीत मुलांची नोंदणी जमते का, औषध वेळेवर पोहोचते का, अपाय लगेच दिसतो का, हे तपासता येते. मृत्यूदरातील असा फरक तिला दिसू शकत नाही, आणि परिणामाविषयी तिने दिलेला इशारा तर फसवाही ठरू शकतो. 'फीस्ट'मध्ये अल्बुमिनचा वरचढपणा मुळीच टिकला नाही. २०१३ च्या विश्लेषणानुसार जादा मृत्यूंत फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचण्यापेक्षा रक्ताभिसरण कोलमडणे हे अंतिम कारण अधिक दिसले; शंका होती ती मात्र पाणी साचण्याचीच.

नंतरचे प्रयत्न :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये द्रव सावकाश, ३० ते ६० मिनिटांत देण्याची सूचना केली. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अतिदक्षतेची सोय असलेली आणि नसलेली ठिकाणे वेगळी धरली. दरम्यान इंग्लंडमधील १३ रुग्णालयांत दर किलोस १० की २० मिलिलिटर, या प्रश्नावर 'फिश' ही पूर्वचाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ७५ मुलांची निवड झाली, परंतु ती अपेक्षेपेक्षा कमी आजारी निघाली आणि पुष्कळांचा शॉक एकाच मात्रेत ओसरला. आखलेल्या स्वरूपात मोठी चाचणी तेथे व्यवहार्य नाही, असे संशोधकांनी नोंदवले आणि ती हाती घेतली गेली नाही.