कलमांची कुस्ती

प्रतिमल्लाची पाठ हौद्याच्या तांबड्या मातीला लागली, की पंचाने हात वर करण्यापूर्वीच सारे मैदान उठून उभे राहते. चितपटीचा अर्थ तेथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु जेथे एका बाजूस मुष्टियोद्धा आणि दुसऱ्या बाजूस मल्ल उभा असतो, तेथे हार कशाला म्हणावे हेच उभयपक्षी ठरलेले नसल्यामुळे, पहिली झुंज आखाड्यात न होता करारनाम्याच्या कलमांवर होते. आणि आज मिक्स्ड मार्शल आर्ट्स या नावाने मान्यता पावलेल्या व्यवसायाचा पूर्वेतिहास हा, माझ्या मते, बाहुबलाइतकाच या कागदी झुंजीचा इतिहास आहे.

अँतोनियो इनोकी यांचे १९७६ हे साल त्या दृष्टीने मननीय आहे. १९४३ साली योकोहामात जन्मलेला, पोरवयात कुटुंबासह ब्राझीलला जाऊन कॉफीच्या मळ्यात राबलेला आणि १९६० साली रिकिदोझान या नामांकित मल्लाने हेरलेला हा पुरुष ज्या व्यावसायिक कुस्तीत वाढला, ती निकाल आगाऊ ठरवून खेळली जाणारी, म्हणजे आपल्याकडील नुरा कुस्तीच्या जातीची होती. आपली विद्या खोटी नव्हे, हे जगाला दाखविण्याच्या ईर्ष्येने त्यांनी भिन्न विद्यांच्या योद्ध्यांना आव्हान देण्यास आरंभ केला. फेब्रुवारीत ऑलिंपिक विजेते डच ज्युदोपटू विलेम रुस्का झाले. २६ जून रोजी तोक्योच्या बुदोकानमध्ये साक्षात मुहम्मद अली समोर आले. इनोकींचे डावच करारातील कलमांनी बांधून टाकले, अशी त्यांच्या पक्षाची तक्रार पुढे कायम राहिली. ते बहुतेक वेळ पाठीवर पडून अलींच्या पायांवर लाथा मारीत राहिले. पंधरा फेऱ्यांत अलींनी जेमतेम सहा ठोसे मारल्याचे सांगतात. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षकांनी कचरा भिरकावला, आणि अलींना पायांच्या दुखापतीने रुग्णालय गाठावे लागले. चितपटीची सवय असलेल्या आपल्या शौकिनाने तर तिकिटाचे पैसेच परत मागितले असते!

डिसेंबरात कराचीत अक्रम पहिलवानांशी झालेली लढत मात्र सर्वस्वी खरी ठरली. अक्रम हे विख्यात मल्ल गामांचे पुतणे, इमामबक्ष यांचे चिरंजीव. आणि हेच इमामबक्ष १९१२ साली शाहू महाराजांच्या कोल्हापुरातील खासबाग मैदानात लढले होते, हे स्मरले म्हणजे कराचीची ती वार्ता कोल्हापूरकरास परक्या मुलखातील वाटत नाही. राजाश्रयाखाली वाढलेल्या त्या घराण्याची विद्या पाठ लावण्याची. सांधा पिळून शरणागती पत्करावयास लावणे हा तिचा हेतूच नव्हे. तिसऱ्या फेरीत इनोकींनी अक्रमांचा हात पिरगळून खांद्यातून निकामी केला, आणि लढत तेथेच थांबवावी लागली.

तीन वर्षांनी, १९७९ च्या जूनमध्ये, अक्रमांचा पुतण्या झारा लाहोरात इनोकींसमोर उभा राहिला. त्याने अद्याप विशीही ओलांडली नव्हती. पाच फेऱ्यांअंती इनोकींनी स्वतःच त्या पोराचा हात धरून वर उचलला. जपानच्या दप्तरी ती लढत बरोबरीची म्हणून नोंदली गेली. लाहोरच्या लोकांनी ती झाराच्या नावे लावली.